भरतपूर १८०५: तोफा कमी पडल्या, पण तेवढंच नाही

१८०५ मध्ये भरतपूरच्या जाट राजाच्या किल्ल्याला वेढा घालणाऱ्या इंग्रज सेनापती लॉर्ड लेककडे जड तोफा मोजक्याच होत्या, म्हणून भरतपूर पडलं नाही, असं म्हटलं जातं. अर्धंच खरं. खरी अडचण माती आणि पाणी.

तट जाड मातीचा. दगडी तट गोळा लागला की तडकून ढासळतो. मातीत गोळा नुसता रुततो. दिवसभर मारा करून पाडलेलं खिंडार जाट रातोरात लाकडं ठोकून बुजवायचे. शिवाय जवळच्या मोती झील तलावाचा बांध फोडून त्यांनी खंदकात पाणी सोडलं होतं. २१ जानेवारीच्या दुसऱ्या हल्ल्यात इंग्रजांनी खंदकावर टाकायला आणलेला पूल आखूड निघाला. मग शिडी जोडून लांबवायला गेले, तर सगळंच पाण्यात! आधी खंदकाची रुंदी नीट मोजली नाही, हा शुद्ध गलथानपणा. ९ जानेवारी ते २१ फेब्रुवारी असे चार हल्ले फसले. इंग्रजांकडचे मृत-जखमी तीन हजारांवर. भरतपूरच्या आश्रयाला यशवंतराव होळकर होते, हेही विसरू नये. (भरतपूरच्या या जाट राजाचं नाव रणजितसिंह; पंजाबचा रणजितसिंह वेगळा.) एप्रिलात तह झाला: २० लाखांची खंडणी ठरली, किल्ला मात्र राजाकडेच राहिला.

पुढच्या वेढ्यात इंग्रज सेनापती कॉम्बरमियरने डिसेंबर १८२५ मध्ये आधी तो बांधच ताब्यात घेतला, त्यामुळे खंदक भरलाच नाही. तोफा शंभरावर होत्या, तरी निर्णायक ठरले सुरुंग. १८ जानेवारी १८२६ ला सुमारे १०,००० पौंड दारूचा सुरुंग उडाला. ढिगारा इंग्रजांच्याच काही शिपायांवर कोसळला, पण वाट मोकळी झाली.