विषय: नैरोबीला बदली झालीये, घरचे घाबरलेत

प्रेषक: नवीन सभासद, पुणे

सर्वांना नमस्कार,

नैरोबीतल्या मराठी लोकांच्या या मेल-लिस्टवर पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी हडपसरला राहतो, कंपनीने तीन वर्षांसाठी केनियात नैरोबीला पाठवायचं ठरवलंय, ऑफिस इंडस्ट्रियल एरियात आहे, जानेवारीत मी येणार आणि बायको आणि सहा वर्षांची मुलगी शाळेचं नक्की झालं की मागून येतील. आता प्रॉब्लेम असा आहे की आई रोज यूट्यूबवर नैरोबीचे व्हिडिओ बघते आणि रोज रात्री जेवताना एक नवीन बातमी सांगते, काल म्हणाली पगार एवढा वाढवून देतायत म्हणजे काहीतरी कारण असणारच ना. बायको काही बोलत नाही पण तिने मला चार प्रश्न लिहून दिलेत ते तसेच विचारतो. घर पार्कलँड्सला घ्यावं की किलिमानीला? मुलीला खाली खेळायला एकटं सोडता येतं का? ती स्वतः एकटी भाजी आणायला चालत जाऊ शकेल का? आणि मंगळसूत्र आणावं की इथेच लॉकरमध्ये ठेवावं?

कृपया जे खरं आहे तेच सांगा, धीर द्यायला म्हणून नको.

*

प्रेषक: काकू, पार्कलँड्स

अरे, तू माझ्या मुलाच्या वयाचा असशील म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. खरं सांग म्हणालास म्हणून मोठं लिहितेय, बायकोलाही वाचायला दे.

मी १९९६ ला लग्न होऊन इथे आले. तेव्हा नैरोबीला लोक नैरॉबरी (रॉबरी म्हणजे लूटमार) म्हणायचे आणि ते उगाच नव्हतं. घराला उंच भिंत, भिंतीवर काचा (आता काचांच्या जागी विजेच्या तारा आल्या), गेटवर असकारी म्हणजे वॉचमन, खिडक्यांना जाळ्या, आणि आत बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजला एक वेगळं लोखंडी दार. पहिल्या रात्री ह्यांनी ते दार ओढून आतून कुलूप घातलं आणि किल्ली उशीखाली ठेवली तेव्हा मला रडूच आलं, साताऱ्याला आमच्या वाड्याचं दार रात्री नऊपर्यंत नुसतं लोटलेलं असायचं रे. आणि आता असं झालंय की ते कुलूप लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही. मागच्या वर्षी पुण्यात बहिणीच्या गाडीत बसले होते, स्वारगेटच्या सिग्नलला गाडी थांबली आणि माझा हात आपोआप दार लॉक करायला गेला, पर्स पायाखाली सरकवली, काच वर केली. बहीण नुसती बघत राहिली माझ्याकडे. हे सगळं माझ्या अंगात कधी मुरलं मलाच कळलं नाही.

७ ऑगस्ट १९९८, शुक्रवार होता, साडेदहाचा सुमार. अमेरिकन एम्बसी तेव्हा शहराच्या मध्यात होती, मोई अव्हेन्यूच्या टोकाला, आणि ह्यांचं ऑफिस तिथून दोन रस्ते पलीकडे. आधी एक छोटा आवाज झाला, काय झालं बघायला सगळे खिडकीशी धावले आणि तेवढ्यात मोठा स्फोट झाला. काचा चेहऱ्यावर आल्या, कितीतरी लोकांचे डोळे गेले ते असे, खिडकीशी उभं राहून. हे फोनवर होते म्हणून उठले नाहीत म्हणून वाचले. नैरोबीत २१३ माणसं गेली त्या दिवशी. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे, मोठा आवाज आला की खिडकीशी जायचं नाही, जमिनीवर बसायचं. माझ्या दोन्ही मुलांना हे शुभंकरोतीसारखं पाठ आहे. तुझ्या मुलीलाही शिकव, घाबरवून नको, रस्ता क्रॉस करायला शिकवतो तसं.

मग २१ सप्टेंबर २०१३, वेस्टगेट मॉल. आमच्यापासून जवळ, दर शनिवारी मी तिथेच सामानाला जायचे, गणपती नुकतेच गेले होते आणि त्या दिवशी घरी जेवायला माणसं होती म्हणून सकाळी लवकर आटोपून आले. दुपारी अतिरेक्यांचा हल्ला झाला. वर पार्किंगवर मुलांची स्वयंपाकाची स्पर्धा चालू होती रे. चार दिवस चाललं ते, ६७ माणसं गेली, आपले भारतीयही होते त्यात. जवळच्या ओशवाल सेंटरमध्ये जखमींना आणत होते, मदतीचं सगळं तिथूनच चालू होतं. आम्ही बायका मिळून चपात्या लाटत होतो, शेजारी लाटायला बसलेली बाई सोमाली होती, तिचा भाऊ आत अडकलेला होता आणि तरी ती लाटत होती, तिचे हात माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाहीत. संध्याकाळी तो सुखरूप बाहेर आला.

त्यानंतर मॉलच्या गेटवर गाडीखाली आरसा फिरवणं, डिकी उघडणं, पर्स तपासणं हे रोजचं झालं. इथे जन्मलेल्या मुलांना वाटतं जगात सगळीकडे दुकानात शिरताना डिकी उघडायची असते.

पण आता मुख्य सांगते. भिंत आणि तारा आणि पॅनिक बटण हे सगळं घे, नाही म्हणत नाही, पण आम्हाला सांभाळलं ते माणसांनी. आमच्या गेटवरचा असकारी अकरा वर्षं आमच्याकडे आहे. मी त्याला पहिल्या दिवसापासून सांगितलंय की कोणीही आलं, कितीही मोठा साहेब वाटला, तरी मला फोन केल्याशिवाय गेट उघडायचं नाही आणि त्याबद्दल मी कधीच रागावणार नाही. एकदा दोन माणसं युनिफॉर्म घालून, हातात फाईल घेऊन वीज मीटर बघायला आली. त्याने मला फोन केला, मी म्हटलं मी कोणाला बोलावलेलं नाही. त्याने गेट उघडलं नाही, शिव्या खाल्ल्या पण उघडलं नाही. तीच दोघं त्याच दिवशी पुढच्या गल्लीत एका घरात शिरली, तिथला असकारी महिनाभरापूर्वी बदललेला होता, त्याला घरातल्या कोणाचा नंबरसुद्धा माहीत नव्हता. त्या घरात पॅनिक बटण होतं, सिक्युरिटीवाल्यांची गाडी चाळीस मिनिटांनी आली.

म्हणून घर बघशील तेव्हा भिंतीची उंची बघ पण असकारी किती वर्षं टिकलाय तेही विचार.

*

प्रेषक: किलिमानीहून

काकू, तुमचा मेल वाचून पाच मिनिटं नुसती बसून राहिले. पण दादा आणि वहिनी, मला थोडं वेगळं पण सांगायचंय, मी सहा वर्षांपूर्वी एकटी आले, नोकरीसाठी, आणि माझी नैरोबी काकूंच्या नैरोबीपेक्षा वेगळी आहे.

एक म्हणजे कॅश. एम-पेसा, म्हणजे मोबाइल नंबरवरून पैसे पाठवायची सोय, २००७ पासून आहे, केळीवालीपासून वॉटर टँकरवाल्यापर्यंत सगळे त्यावरच, त्यामुळे पर्समध्ये पैसे ठेवायचा प्रश्नच येत नाही. पण त्यामुळे चोराला पैशांपेक्षा फोन हवा असतो. गाडीत खिडकी उघडी ठेवून फोन कानाला लावायचा नाही, रस्त्यात उभं राहून मॅप बघायचा नाही, दुकानात शिरून बघायचा. "चुकून तुमच्या नंबरवर पैसे आले, परत पाठवा" असा मेसेज किंवा फोन आला तर आधी स्वतःचा बॅलन्स बघा, बहुतेक वेळा काहीच आलेलं नसतं. गाडी घेतलीत तर साइड मिररवर आणि काचांवर गाडीचा नंबर कोरून घ्या, चोरलेला मिरर मग विकता येत नाही.

दुसरं म्हणजे उजेड. इथे विषुववृत्त जवळ म्हणून बारा महिने साधारण साडेसहाला सूर्य मावळतो आणि आपल्याकडे जशी संध्याकाळ रेंगाळते तशी रेंगाळत नाही, सातला मिट्ट काळोख. सगळा दिवस त्या साडेसहाभोवती बांधलेला असतो, भाजी, फिरणं, मुलांचं खेळणं सगळं त्याच्या आत. वहिनी, दिवसा भाजीला चालत जाता येतं, मी जाते, पण सहानंतर शंभर मीटरसाठी पण टॅक्सी करते. हे मला सगळ्यात जड गेलं. डेक्कनला रात्री नऊला मैत्रिणींबरोबर नुसतं चालत सुटायचं हे इथे नाही, आणि त्याची सवय झाली असं मी म्हणणार नाही, रोज आठवण येते.

पण सुधारलंय पण खूप. करूरा फॉरेस्टचं बघा. १९९९ मध्ये बिल्डरांपासून ते जंगल वाचवायला पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई उभ्या राहिल्या, मार खाल्ला त्यांनी तिथे, पुढे २००४ ला त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. तरी नंतर कितीतरी वर्षं त्या जंगलात पाऊल टाकायची कोणाची हिंमत नव्हती. मग आसपासच्या लोकांनी फॉरेस्ट खात्याबरोबर कुंपण घातलं, शेजारच्या वस्तीतल्याच तरुणांना स्काउट म्हणजे गस्तीला म्हणून कामाला घेतलं, आणि आता रविवारी सकाळी तिथे प्रॅममधली बाळं असतात, सायकली असतात, मी एकटी धावायला जाते.

आणि एक बोलायचंच आहे. आपण इथे सेफ्टी सेफ्टी करतो ती आपल्यापुरती. माझ्या बिल्डिंगचा असकारी संध्याकाळी सहा ते सकाळी सहा बारा तास उभा असतो आणि मग कावांग्वारेला चालत घरी जातो, त्याचा फोन या वर्षात दोनदा लुटला. त्याच्या घराला ना भिंत ना तार. आपल्या इथल्या मराठी मंडळात नवीन माणसाला "इकडे जाऊ नको, तिकडे जाऊ नको" ही यादी देतात त्यात "तिकडच्या" माणसांनीच आपली घरं चालवलीत हे कोणी सांगत नाही, मला ते फार खुपतं. काही जण तीन वर्षं राहून जातात, घर ते गाडी, गाडी ते मॉल, पाय जमिनीला लागत नाहीत आणि परत जाऊन सांगतात नैरोबी डेंजरस आहे.

*

प्रेषक: काका, पूर्वी किसुमू (पश्चिम केनिया), आता साउथ सी (नैरोबी)

मी थोडक्यात लिहितो, टायपिंगला वेळ लागतो.

निवडणूक. २७ डिसेंबर २००७ ला मतदान झालं, ३० तारखेला निकाल लागला आणि किसुमूत त्याच संध्याकाळी जाळपोळ सुरू झाली. माझं हार्डवेअरचं दुकान होतं, बावीस वर्षांचं, दोन तासांत काही उरलं नाही. देशभरात हजारावर माणसं मेली, त्यापुढे माझं दुकान काहीच नाही हे मला माहीत आहे. आम्ही पाच दिवस देवळाच्या हॉलमध्ये होतो. पीठ संपलं, पेट्रोल संपलं, पण सगळ्यात वाईट म्हणजे फोनचा बॅलन्स संपला, स्क्रॅच कार्ड कुठे मिळेना. नैरोबीहून एका माणसाने एअरटाइम पाठवला तेव्हा घरी नाशिकला फोन करता आला.

त्यामुळे माझ्या घरी दर निवडणुकीआधी तीन आठवड्यांचं पीठ, तांदूळ, डाळ, गॅस, पाणी आणि गाडीची टाकी फुल. २०१३, २०१७, २०२२, तिन्ही वेळा भरलं. तुझी तीन वर्षं म्हणजे ऑगस्ट २०२७ ची निवडणूक त्यात येऊ शकते, तेव्हा मुलीच्या सुट्टीत भारतात जायचं जमवता आलं तर बघ.

२५ जून २०२४ ला टॅक्सच्या बिलावरून तरुण पोरं रस्त्यावर आली, पार्लमेंटमध्ये शिरली, त्या दिवशी इंटरनेट अडकलं होतं. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप असून नसल्यासारखा झाला. म्हणून आता आपल्याकडे कागदावरची साखळी आहे, एका घराने पुढच्या तीन घरांना साधा एसएमएस किंवा फोन करायचा. आल्यावर तुझं नाव त्यात घालतो. भारताच्या हाय कमिशनकडे पण नोंदणी करून टाक, आणि पासपोर्ट, परमिट, मुलीचा जन्मदाखला यांच्या झेरॉक्स एका वेगळ्या पिशवीत दाराजवळ.

आणि पिवळ्या तापाची लस. निघायच्या दहा दिवस आधी तरी सगळ्यांनी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टला लावून ठेवा. केनियाहून भारतात उतरताना कार्ड मागतात, नसलं तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. आमच्या ओळखीतला एकजण वडील गेल्याचं कळून धावत निघाला होता, कार्ड कपाटात राहिलं. वडिलांचं शेवटचं दर्शन झालं नाही त्याला. हे मला हल्ल्याबिल्ल्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं कारण हे तुझ्या हातात आहे.

*

प्रेषक: नवीन सभासद, पुणे

काकू, ताई, काका, मनापासून आभार. तिन्ही मेल काल रात्री घरात मोठ्याने वाचले. आई वेस्टगेटला रडली पण त्या सोमाली बाईबद्दल परत वाच म्हणाली. आज सकाळी तिने यूट्यूब लावलं नाही. लसीचं पुढच्या आठवड्यात करतोय, तिघांचं एकदमच. बायको म्हणतेय की मंगळसूत्राचं उत्तर कोणीच दिलं नाही.

*

प्रेषक: काकू, पार्कलँड्स

अगं खरंच की, राहिलंच. मोठं लॉकरमध्ये ठेव, बारीक काळ्या मण्यांचं आण आणि रस्त्यावर ओढणीच्या आत. हळदीकुंकवाला आमच्याकडे येशील तेव्हा बाहेर काढ.

मुलीला कंपाउंडच्या आत खेळायला सोडता येतं, मुलं असतात, आया असतात, इथे आयाला याया म्हणतात. असे बरेच शब्द आपले वाटतील, दुकानाला डुका, हिशोबाला हेसाबू, विम्याला बिमा, साबणाला साबुनी. घड्याळ मात्र शिकून घ्या, इथले लोक तास सूर्य उगवल्यापासून मोजतात, सकाळी सात म्हणजे सा मोजा, एक वाजला. असकारी म्हणाला की माणूस सा न्ने (म्हणजे चार) ला आला होता तर तो दुपारी चारला नाही, सकाळी दहाला आलेला असतो. मी पहिल्या वर्षी हे उलटं ऐकलं आणि घरी कोण कधी येऊन गेलं याचा सगळा गोंधळ करून बसले होते.

ती किलिमानीची पोर म्हणते ते मला लागलं, पण बरोबर आहे तिचं. आमच्या असकारीचं घर मी अकरा वर्षांत पाहिलेलं नाही. या रविवारी जाणार आहे.

आल्यावर पहिल्या शनिवारी आपण करूराला जाऊ. मुलीला जुने बूट आण, माती लाल आहे, पांढरे मोजे आणू नकोस.