मदत हवी आहे: पोहण्याच्या टाकीला रंगाआधी ॲसिड वॉश

अलिबागजवळ आमचा छोटा होमस्टे आहे. मागे काँक्रीटची पोहण्याची टाकी आहे, साधारण 8 मीटर बाय 4, खोल बाजूला साडेपाच फूट. जुन्या निळ्या रंगाचे पोपडे निघत होते म्हणून टाकी रिकामी करून ग्राइंडर मारला. बराच रंग गेला, पण मध्ये मध्ये चकत्या राहिल्यात. आता पावसाच्या आत इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा टणक रंग) लावायचा आहे.

ठेकेदाराचं म्हणणं, "ॲसिडचा कॅन तसाच ओतू, रंगही खाऊन टाकेल." घरी मोरी घासायला वापरतो तेच हायड्रोक्लोरिक, पण 30 टक्क्यांचं. मला काही हे पटत नाही. तळाला शेवाळ होतं म्हणून कालच ब्लीचिंग पावडर टाकली आहे, ती तशीच आहे. प्रमाण किती घ्यावं? नंतर ॲसिड निष्प्रभ करायला सोडा मारावा लागतो का? पाहुणे जूनपर्यंत नाहीत, त्यामुळे घाई नाही.

प्रतिसाद १
बाकी सगळं नंतर. आधी ती ब्लीचिंग पावडर भरपूर पाण्याने धुऊन काढा. तिच्यावर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो हवेपेक्षा जड. टाकीच्या खोल बाजूला साचून राहतो आणि मजूर नेमका तिथेच वाकून घासत असतो. ॲसिडची स्वतःची वाफही तशीच तळाशी बसते. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, ॲसिड गॅससाठीचं कार्ट्रिज (वायू गाळणारी डबी) असलेला मास्क लागतो. गॉगल, रबरी हातमोजे, गमबूट हवेतच. खाली पंखा लावा, वर एक माणूस उभा ठेवा.

प्रतिसाद २
ठेकेदाराला सांगा, ॲसिड रंग खात नाही, तेलही नाही. ते खातं सिमेंटला. चुन्याशी गाठ पडली की फेस येतो, पृष्ठभागावरचा कच्चा थर निघतो आणि रंगाला धरायला खरखरीत जागा मिळते. रंगाच्या चकत्यांखाली ते पोचतच नाही. शिवाय माणसांच्या अंगाचं तेल, सनस्क्रीन वगैरे असतं, ते आधी डिटर्जंटने घासून घ्या.

जुना रंग कोणता होता? झायलीनमध्ये (रंग विरघळवणारं एक थिनर) बुडवलेलं फडकं एका चकतीवर थोडा वेळ दाबून ठेवा. रंग विरघळून फडक्याला लागला तर बहुधा क्लोरिनेटेड रबर (टाक्यांना लावतात तो रबरी रंग). त्यावर इपॉक्सी टिकत नाही, सगळा काढावाच लागेल. ढिम्म हलला नाही तर इपॉक्सी समजा.

प्रमाण रंगाच्या डब्यासोबतच्या पत्रकात असतं तेच धरा. नसेल तर 30 टक्क्यांच्या ॲसिडला दुप्पट पाणी, आधी एका कोपऱ्यात करून बघा. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. भिंत आधी ओली करा, वरून खाली या, आणि वाळायच्या आत धुऊन टाका. हात फिरवला की मध्यम सँडपेपरसारखं लागलं म्हणजे झालं. फार वेळ ठेवलंत तर वाळूच उघडी पडते, आणि क्लोराइड आत मुरलं तर सळ्यांना गंज. स्टीलची शिडी आधीच काढून ठेवा.

धागाकर्ता
पावडर धुऊन टाकली, धन्यवाद. फडक्याची चाचणी केली, रंग सरळ फडक्याला आला. म्हणजे ग्राइंडर परत मारणं आलं. सोड्याचं कोणी सांगेल का? ॲसिड धुतलेलं पाणी बागेत सोडलं तर चालेल?

प्रतिसाद २
बागेत नको, विहिरीच्या बाजूला तर मुळीच नको. टाकीच्या तळाला साचलेल्या त्या पाण्यात सोडा ॲश (धुण्याचा सोडा) हळूहळू टाका, एक लिटर मूळ ॲसिडला जास्तीत जास्त अर्धा किलो. फेस थांबला की निळा लिटमस कागद बुडवून बघा, लाल झाला तर ॲसिड अजून आहे. भिंतींवरही सोड्याचं पातळ पाणी फिरवा आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवा, सोड्याची पांढरी भुकटी राहिली तरी रंग सुटतो.

रंगाआधी प्लास्टिकचा दीड फुटी तुकडा चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम दिसला तर अजून ओल आहे, थांबा.

प्रतिसाद ३
आणि जूनपर्यंत ताणू नका. किनाऱ्याजवळ पावसात जमिनीतलं पाणी वर येतं, रिकामी टाकी खालून उचलली जाते, तळाला तडे जातात. तळाला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह (खालचं पाणी टाकीत येऊ देऊन दाब कमी करणारी झडप) आहे का, ते बघून सांगा.