ब्रायटनचा बिगुलवाला: पुतळा राहू दे, पण शेजारी अजून एक पाटी नको का?

समुद्रपक्षी:
इंग्लंडमधल्या ब्रायटनला अगदी किनाऱ्याच्या रस्त्याला लागून रीजन्सी स्क्वेअर नावाचा चौक आहे, समोर तो आय-थ्री-सिक्स्टी मनोऱ्याचा उंच खांब आणि समुद्रातल्या जळक्या वेस्ट पिअर धक्क्याचा सांगाडा. त्या चौकाच्या समुद्राकडच्या टोकाला दगडी चौथऱ्यावर ब्राँझचा बिगुलवाला उभा आहे, बिगुल तोंडाला लावलेला. रॉयल ससेक्स रेजिमेंटची जी माणसं १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात (इंग्रज विरुद्ध तिथले डच वंशाचे गोरे, म्हणजे बोअर) दक्षिण आफ्रिकेत गेली त्यांचं हे स्मारक, १९०४ सालचं, शिल्पकार हार्टवेल. मेलेल्यांची नावं आहेत, दीडशेच्या आसपास. शिल्प म्हणून झकासच, वाद नाही.

पण त्याच युद्धात ब्रिटिश फौजेने बोअर लोकांची शेतं-घरं जाळली आणि बायकापोरं छावण्यांत कोंबली. तिथे २६ हजारांच्या आसपास मेली, त्यातली बहुतेक लहान मुलं. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या, तिथले किमान १४ हजार, आणि त्यांची तर धड नोंदही ठेवली नाही. हे काही आपण आज उकरून काढलेलं नाहीये, एमिली हॉबहाउस नावाच्या इंग्लिश बाईनेच १९०१ मध्ये हे सगळं बोंबलून सांगितलं होतं. म्हणून माझं मत, पुतळा हलवू नका, पण शेजारी हे सांगणारी एक पाटी लावा. काय वाटतं?

निवृत्त हवालदार:
साफ असहमत. स्मारक मेलेल्यांचं असतं, युद्धाचं नाही. तो बिगुलवाला काय सेनापती किचनरच्या तंबूत बसून नकाशे आखत होता का? पोटासाठी भरती झालेली पोरं ती. प्रेतं तिकडेच पुरली, घरच्यांच्या हाती काय आलं तर दगडावरचं नाव, आता त्याच्याच बाजूला तुम्ही आरोपपत्र लावणार. पाप वरच्यांचं आणि पाटी यांच्या बोडक्यावर!

खडूस काकू:
हवालदार, पोरांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत, म्हणूनच तर पाटी हवी. या युद्धात ब्रिटिशांची २२ हजारांच्या आसपास माणसं गेली ना, त्यातली निम्म्याहून जास्त गोळीने नाही, आजाराने गेली. तिकडे दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेन शहरात टायफॉइडने नुसता हाहाकार. घाण पाणी पिऊन, जुलाब होऊन, तापात बरळत मेलेल्या पोरांच्या नावांवर हा असा छाती पुढे काढून बिगुल वाजवणारा जवान उभा केलाय. हे त्यांचं दुःख नाही हो, ही सरकारची जाहिरात. तुम्ही फौजेत होतात, तुम्हाला मी काय सांगणार.

निवृत्त हवालदार:
काकू, जुलाबाचा पुतळा करतात का कुठे? आणि आजाराने मेला तरी तो ड्युटीवरच मेला.

खडूस काकू:
पुतळा नका करू, पण चार ओळी लिहायला कोण अडवतंय?

नगरवाला:
जरा अवांतर, पण आमच्या नगरचा संबंध आहे म्हणून लिहितो. या युद्धात पकडलेले बोअर कैदी इंग्रजांनी सेंट हेलेना, सिलोन आणि हिंदुस्थानात पाठवले आणि हिंदुस्थानातल्या ज्या ठिकाणी ठेवले त्यात नगरही होतं. म्हणजे केप टाऊनच्या पलीकडचा शेतकरी आमच्याकडे नगरच्या उन्हात! आणि उलट बाजूने, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातले ११०० च्या आसपास हिंदी लोक गांधींबरोबर स्ट्रेचर उचलायला गेले, त्यातले बरेचसे गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर. युद्ध 'गोऱ्यांचं' म्हणून हिंदी शिपायाला बंदूक द्यायची नाही, पण स्पिअन कॉपच्या लढाईतून जखमी उचलून आणायला मात्र चालतो. गांधींना त्याचं पदक मिळालं, ते त्यांनी १९२० मध्ये परत केलं. बाकीच्यांची नावं कुठे आहेत ते शोधून दाखवा.

परखड_पुणेरी:
एवढा घोळ कशाला, उचला आणि म्युझियममध्ये ठेवा. आपण नाही का १९६५ मध्ये काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड उचलून राणीच्या बागेत नेऊन ठेवला. कुणाचं काही बिघडलं नाही.

खडूस काकू:
राजा आणि शिपाई एकाच मापाने मोजताय तुम्ही. एडवर्डला त्या घोड्यावर बसायचे कष्ट पडले असतील, मान्य.

समुद्रपक्षी:
पुणेरी, शिवाय २०१७ मध्ये तिथे बिनस्वाराचा घोडा नव्याने बसवलाच की. जागा रिकामी ठेवायची आपल्यालाही सवय नाही.

नगरवाल्यांच्या नावांच्या मुद्द्यावरून आठवलं. त्याच ब्रायटनमध्ये, शहराच्या वर पॅचमच्या टेकडीवर पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी शिपायांचं हॉस्पिटल तिथल्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये केलं होतं, त्या काळात जे हिंदू आणि शीख वारले त्यांतल्या ५३ जणांना त्या टेकडीवर अग्नी दिला. छत्रीचं डिझाइन मुंबईच्या हेन्रिक्स नावाच्या वास्तुविशारदाचं, उद्घाटन १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते. सगळं साग्रसंगीत, फक्त त्यावर नावं नव्हती. ती ५३ नावं शेजारी दगडावर कोरली २०१० मध्ये! खाली चौकात ससेक्सच्या पोरांची नावं युद्ध संपल्यावर दोन वर्षांत लागली, वर टेकडीवर नव्वद वर्षं गेली. पाटी मागण्यामागे माझा मुद्दा हाच आहे, तुम्ही त्याला आरोपपत्र म्हणा नाहीतर काही म्हणा.

निवृत्त हवालदार:
ही गोष्ट वेगळी. यावर मी भांडणार नाही, कारण आमच्या साताऱ्याकडे तेच आहे. अपशिंगे मिलिटरी ऐकलं असेल, पहिल्या महायुद्धात एका गावातली ४६ माणसं कामी आली. अशा कितीतरी गावांत भिंतीला इंग्रजांनी लावलेली संगमरवरी पाटी दिसते, या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. नुसता आकडा. गणपत होता का ज्ञानू होता, काही नाही. पाटीला दरवर्षी हार घालतात, पण कुणाला घातला ते कळत नाही.

तर नावांच्या बाजूने मी आहे. छावण्यांतल्या पोरांचीही लिहा, जितकी सापडतील तितकी. पण ती दक्षिण आफ्रिकेत लिहा, जिथे गेली तिथे.

खडूस काकू:
तिथे आहेच की, ब्लूमफाँटेनला बोअर बायकामुलांचं मोठं स्मारक १९१३ पासून उभं आहे. ज्यांना माहितीये ते तिथे रडतातच. ब्रायटनला बर्फाचा गोळा खात फिरणाऱ्याला कोण सांगणार?

निवृत्त हवालदार:
गोळा खाणारा तुमची पाटी वाचेल असं वाटतं तुम्हाला? नावं तरी वाचतो का तो?

समुद्रपक्षी:
काही जण वाचतात. चौकाखाली भुयारी पार्किंग आहे, वर आलेला माणूस भाड्याचा आकडा बघून सावरेपर्यंत तिथेच उभा असतो :)

परखड_पुणेरी:
मजकूर कोण लिहिणार ते ठरवा आधी. समिती नेमलीत तर तीसुद्धा त्या छत्रीच्या नावांसारखी नव्वद वर्षं घेईल.

नगरवाला:
मजकूर राहू द्या बाजूला. आधी त्या ११०० स्ट्रेचरवाल्यांतल्या कुणाची यादी कुठे पाहिली असेल तर इथे सांगा, त्यात आपल्याकडची नावं आहेत का तेवढं बघायचंय.