शाली पुरे, आता ऐकून घ्या
१५ ऑगस्टला माजी सैनिकांना शाल-श्रीफळासाठी तासभर उन्हात ताटकळत ठेवतात. माझे चुलत आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते, डिसेंबर १९७१ च्या युद्धात आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला. तेव्हाची विशीतली पोरं आज पंच्याहत्तरीच्या घरात आहेत. आजोबांच्या कपाटात पाच शाली घडीही न मोडता पडल्यात. परवा माझ्या मुलाने मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून नुसतं विचारलं, “तिकडे जेवायला काय मिळायचं?” दीड तास बोलले! लढाईवर कमी, ओल्या बुटांवर जास्त. साताऱ्याजवळच्या ‘अपशिंगे मिलिटरी’ नावाच्या गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे, पण त्यांना आता काय विचारणार? पुढच्या रविवारी आजोबा नकाशा घेऊन बसणार आहेत.