मदत हवी आहे: आर कंपाइल करताना लिबकर्लपाशी गाडी अडली

मंडळी, विभागाच्या सर्व्हरवर सोर्सवरून आर (आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा) ४.१ कंपाइल करतोय. जुन्या प्रबंधातले आकडे जुळवायचेत, म्हणून हीच आवृत्ती हवी. रूटचा (सर्व्हरच्या मुख्य खात्याचा) पासवर्ड नाही, त्यामुळे सगळा संसार होम डिरेक्टरीत.

कॉन्फिगर (कंपाइलआधी लागणाऱ्या गोष्टी तपासणारी स्क्रिप्ट) आधी रीडलाइनवर (कमांड टाइप करायला मदत करणारी लायब्ररी) रुसलं, मग एक्स-इलेव्हनवर (खिडक्या-चित्रं दाखवणारी यंत्रणा); दोन्हींना 'नो' देऊन सुटलो. आता म्हणतंय, एचटीटीपीएस चालणारं लिबकर्ल (नेटवरून फाइली आणणाऱ्या कर्लची लायब्ररी) ७.२८ किंवा त्यापुढचं हवं. अहो, मी कर्ल ८ बांधलंय, तेही एचटीटीपीएससाठीच्या ओपनएसएसएलसकट, आणि पाथही दिलाय! कॉन्फिग डॉट लॉगमध्ये हेडर सापडल्याचं दिसतं, पण आवृत्तीच्या तपासणीपुढे 'नो'. जुनं कॉन्फिगर ८ हा आकडाच नाकारतंय का? कर्ल ७ बांधू, की तपासणीची ती ओळच बदलू? कुणी हे निस्तरलंय का?