ऊर्ध्वपातन, संप्लवन की नुसतं 'उडणं'?

पानगळ: मुलांसाठीची एक हिंदी विज्ञानपुस्तिका मराठीत आणतेय. उष्णता दिली की स्थायूचा द्रव, द्रवाचा वायू, एवढाच विषय. नवव्या पानावर डांबरगोळी येते, जी न वितळता थेट वायू होते. मुळात 'ऊर्ध्वपातन' होतं. संस्कृतच तर आहे म्हणून तसंच ठेवलं, तर संपादकांनी लाल रेघ मारली आणि 'संप्लवन' सुचवलं. आता वाक्य झालंय 'डांबरगोळीचे संप्लवन होते'. एखादं साधं क्रियापद नाही का आपल्याकडे?

टाचणी: संपादकांचं बरोबर आहे. मराठीत ऊर्ध्वपातन म्हणजे द्रव उकळायचा, वाफ दुसरीकडे न्यायची आणि थंड करून पुन्हा द्रव मिळवायचा. हिंदीत त्याला आसवन म्हणतात. शब्द एकच, दोन शेजाऱ्यांकडे दोन अर्थ. आणि दहा वर्षांची पोरं डायनोसॉरची नावं घडाघडा म्हणतात, संप्लवनानं काय घोडं मारलंय?

अर्धविराम: मारलं नाही, बुडवलंय. संस्कृतात संप्लव म्हणजे पूर. 'आभूतसंप्लव' म्हणजे थेट प्रलय होईपर्यंत. ज्या पदार्थाचा थेंबही होत नाही त्याच्या क्रियेला पुराचं नाव! ऊर्ध्वपातनाची तरी काही परंपरा आहे. रसशास्त्रात पारा खालच्या भांड्यात तापवायचा आणि वरच्याला आतून धरलेला काढून घ्यायचा. ऊर्ध्व, अधः, तिर्यक् असे पातनाचे तीन प्रकार. 'वर पाडणे' हाही विनोदच म्हणा.

उंबरठा: आमची आजी सरळ म्हणायची, "गोळ्या उडाल्या." कपाटातली पुरचुंडी हातात घ्यावी तर गाठ जशीच्या तशी, आत काही नाही. 'उडणे' लिहा, पोरांना कळेल.

भोवरा: उडतं तर अत्तरही, पेट्रोलही. ते आधीच द्रव असतात. इथे मुद्दा मधली पायरी गाळण्याचा आहे. मी 'हवेत विरणे' सुचवेन.

टाचणी: विरतं ते जुनं कापड.

अर्धविराम: ढगही विरतात. पण विरणे आणि विरघळणे एकाच घरातले वाटतात, मुलं गोंधळतील. 'बर्फ विरघळला' म्हणणारे आधीच काय थोडे आहेत?

उंबरठा: त्यात चूक काय? आम्ही जन्मभर तसंच म्हणतो.

भोवरा: मीठ पाण्यात टाकलं की विरघळतं. तेच मीठ वितळवायचं तर ८०१ अंश सेल्सिअस लागतात. विरघळायला सोबती लागतो, वितळायला नुसती धग पुरते.

उंबरठा: आणि बर्फ पाण्यातच टाकला तर? सोबती आहे की!

भोवरा: तरी वितळतोच. शून्य अंशाच्या एका ग्रॅम बर्फाचं पाणी होताना ८० कॅलरी गडप होतात आणि तापमान तसूभर हलत नाही. शाळेत आम्ही चंचुपात्रात बर्फ घेऊन खाली दिवा लावला होता. पारा शून्यावर ठाम. मला वाटलं तापमापी बिघडली. दुसरी आणली, तीही तशीच. शेवटचा खडा दिसेनासा झाला आणि पारा हलला. वाफ होताना तर ग्रॅमला ५४० कॅलरी लागतात. अप्रकट उष्मा. जोसेफ ब्लॅकनं हे अठराव्या शतकात ओळखलं, आम्ही दोन तापमाप्यांना शिव्या घातल्या.

टाचणी: 'अप्रकट' काय? 'सुप्त उष्णता' हा जास्त चांगला शब्द आहे. झोपलेली, वेळ आली की उठणारी. पाणी गोठताना तीच परत बाहेर पडते.

पानगळ: गोठण्यावरून आठवलं. वितळलेलं मेण थंड झालं की गोठतं की थिजतं? मी 'थिजते' लिहिलंय. (आणि पान नऊ?)

अर्धविराम: मेण, तेल थिजतं. पाणी गोठतं. रक्त साकळतं. माझा एक अंदाज: गोठण म्हणजे गुरं जमतात ती जागा. गोठणे म्हणजे पाण्याच्या कणांनी गुरांसारखं एका जागी जमणं! हिंदीतही बर्फ 'जमतो'च ना?

टाचणी: व्युत्पत्ती अशी दावणीला बांधून आणता येत नाही.

उंबरठा: मला तर पटली. गुरं गोठणीवर बसली की हलतात कुठे!

भोवरा: 'रक्त गोठलं'ही म्हणतात, भीतीनं.

टाचणी: भीतीनं माणूसही थिजतो. म्हणून काय तो मेण झाला?

पानगळ: सध्या 'उडून जाते' ठेवतेय आणि कंसात संप्लवन. पण दहाव्या पानावर उलटा प्रकार आहे. हवेतली वाफ पाणी न होताच फ्रीजरच्या भिंतीवर बर्फ होऊन बसते. त्याला काय म्हणू?

उंबरठा: बर्फ धरला.

टाचणी: थांबा, आधी ते गोठणीचं मिटू दे.