मदत हवी आहे: चौथीची सहल कात्रजला
नमस्कार मंडळी, मी जुन्नर भागात शाळेत शिकवते, चौथीची 42 पोरं घेऊन पुण्याला कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जायचंय. बुधवारी बंद असतं ते माहितीय. आमच्या वर्गात पोरं पेपरातल्या प्राण्यांच्या बातम्या कापून भाताच्या शितानं भिंतीवर चिकटवतात, त्यात बिबट्याच्याच जास्त, कारण आमच्याकडं उसात तो असतोच आणि पोरांना त्याची नुसती भीतीच माहितीय, तर एकदा तरी त्याला निवांत बघू देत असं फार वाटतं. तिथं शाळांना माहिती सांगणारं कुणी मिळतं का, आधी पत्र द्यावं लागतं का? 130 एकर फिरायचं म्हणजे बारकी पोरं दमणार, सुरुवात सापांकडून करू की वाघाकडून? कुणी हल्ली शाळा घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा.